तांदळातलं नाव आणि जर्मनीचा व्हिसा

मंगळवारी दुपारी पासपोर्ट परत आला. नाईट करून आले होते, झोपले होते, कुरिअरवाल्याने बेल वाजवली तर नवऱ्याने सही करून घेतलं आणि पाकीट न फोडता माझ्या उशाशी ठेवून दिलं. उठले तेव्हा साडेचार वाजले होते. पाकीट फोडलं, पानं उलटली आणि आधी व्हिसाचा प्रकार नाही बघितला, तारीख नाही बघितली, आधी नाव बघितलं. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. बरोबर होतं. मग बसून रडले.

लोकांना वाटतं की जर्मनीचा व्हिसा म्हणजे भाषा, नाहीतर पैसा. भाषा आहेच, तिच्यावर पण लिहिते खाली. पण माझी सव्वातीन वर्षं गेली त्यातला सगळ्यात जड भाग कोणता असं मला विचाराल तर मी एकच सांगेन, नाव. माझं नाव, आणि नंतर माझ्या आईचं पण. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, कारण आमच्या मिरज-सांगली भागातल्या निदान दहा मुली मला सध्या मेसेज करून विचारतायत की ताई, प्रोसेस काय असते, आणि त्यातल्या निम्म्या लग्न झालेल्या आहेत.

थोडं माझ्याबद्दल. २०१४ ला बी.एस्सी. नर्सिंग झाले, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री. २०१६ ला लग्न. अकरा वर्षं वॉर्डात काढली, त्यातली सात आयसीयूला. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे, पाच वर्षांची मुलगी आहे. जर्मनीचं डोक्यात आलं ते आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरमुळे. तिची आत्या म्हणे सत्तरच्या दशकात तिकडे गेली होती, चर्चच्या ओळखीतून, आणि तिकडेच रिटायर झाली. केरळच्या मुलींना हे सगळं घरातूनच माहिती असतं, कोणता कागद कधी काढायचा, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. आपल्याकडे तसं नाही ना. आपल्याकडे २०२४ ला महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हा पेपरात आलं आणि मग सगळ्यांना जर्मनी आठवली. मुंबई आणि त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला स्वतःला गेल्या वर्षी कळलं.

भाषेचं आधी उरकते. जून २०२२ ला ऑनलाइन क्लास लावला, रात्री नऊ ते साडेदहा, नाईट असली की मोबाइलवर चेंजिंग रूममध्ये बसून ऐकायचे. बी-वन ही भाषेची मधली पातळी झाली. तिच्या वरच्या बी-टूची परीक्षा पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात दिली. चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात शंभरातले साठ लागतात. मला लिहिण्यात सत्तावन्न पडले. तीन मार्कांसाठी. पण हे भाग सुटे देता येतात, म्हणजे जो राहिला तेवढाच परत द्यायचा, त्यामुळे मे २०२४ ला फक्त लिहिण्याची दिली आणि सुटले. ज्यांचा एखादा भाग राहिलाय त्यांनी खचू नका, नुसतं लिहीत राहा, रोज एक ईमेल लिहायचा, तक्रारीचा, विनंतीचा, आभाराचा, मी सहा महिने हेच केलं.

नोकरी ऑगस्ट २०२४ ला मिळाली, ऑनलाइन इंटरव्ह्यू, त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या उल्मजवळच्या एका छोट्या गावातलं हॉस्पिटल. त्यांनी विचारलं की पेशंटची अंघोळ, तोंड धुणं, भरवणं हे तिकडे नर्सच करते, तुम्हाला चालेल का? आपल्याकडे हे मावशी करतात नाहीतर नातेवाईक करतात, त्यामुळे तिकडे गेलेल्या काही मुलींना ते शिक्षण वाया गेल्यासारखं वाटतं म्हणे. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांचं शेवटचं दीड वर्ष मीच केलंय सगळं. त्या बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग पुढचा प्रश्नच विचारला नाही त्यांनी.

आता मुख्य.

नर्सला जर्मनीत थेट नर्स म्हणून लागता येत नाही. आपली डिग्री त्यांच्या तीन वर्षांच्या ट्रेनिंगशी ताडून बघतात, त्याला मान्यता म्हणतात, आणि ते काम त्या त्या राज्याचं सरकारी कार्यालय करतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी ते श्टुटगार्टला आहे. विषय किती तास शिकलात, प्रॅक्टिकल किती तास, कोणत्या वॉर्डात, सगळं बघून ते एक पत्र देतात, त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात, म्हणजे तुमच्यात काय कमी आहे त्याची यादी. नावावरून घाबरायला होतं, पण हे पत्र येणं म्हणजे चांगलीच बातमी, कारण त्याच्या जोरावर व्हिसा मिळतो आणि तिकडे जाऊन नोकरी करत करत उरलेलं ट्रेनिंग नाहीतर परीक्षा द्यायची, की मग पूर्ण नर्स. माझा व्हिसा त्याच प्रकारचा आहे.

हे सगळं लवकर व्हावं म्हणून हॉस्पिटलने फास्ट ट्रॅक लावला होता. ती सोय जर्मनीच्या रहिवास कायद्यात कलम ८१अ खाली आहे, मालकाने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरायचे, मग मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत, एम्प्लॉयमेंट एजन्सीची मंजुरी आठवड्यात, व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत आणि त्यानंतर निर्णय अजून तीन आठवड्यांत. मी कॅलेंडरवर मोजलं, ऑक्टोबर २०२४ ला फाईल गेली म्हणजे फेब्रुवारीत मी तिकडे. नवऱ्याने बॅगसुद्धा बघून ठेवली होती.

पण ते दोन महिने कधीपासून मोजतात माहितीये? फाईल पूर्ण झाल्यापासून. आणि माझी फाईल पूर्ण नव्हती. नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईंचा मेल आला, अगदी नम्र भाषेत, की कार्यालयाचं म्हणणं आहे की डिग्रीवरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे हे कागदावरून दिसत नाही.

नुसतं आडनाव बदललं असतं तर मॅरेज सर्टिफिकेटवर भागलं असतं. माझं पहिलं नाव पण बदललंय.

लग्नात गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला उखाणा घ्यायला लावला. माझं माहेरचं नाव चार अक्षरी, जुन्या वळणाचं, आज्जीचं ठेवलेलं. सासरचं दोन अक्षरी. मला तेव्हा वाईट वाटलं होतं का? खरं सांगते, नव्हतं वाटलं. आवडलं होतं ते नाव. चोवीस वर्षांची होते, सगळ्या मैत्रिणींचं तेच झालं होतं, आणि नव्या घरात नवं नाव यात काहीतरी छान वाटायचं. मग आधार त्या नावाने, पॅन त्या नावाने, मतदार कार्ड, बँक. २०१८ ला पासपोर्ट काढला तो आधार आणि पॅन दाखवून, त्याच नावाने. दहावीचं सर्टिफिकेट तेव्हा दाखवावंच लागलं नाही, आणि मला ती सोय वाटली होती.

म्हणजे एकीकडे दहावी, बारावी, डिग्री, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पहिल्या हॉस्पिटलचं एक्स्पिरियन्स लेटर ही सगळी एका मुलीची. दुसरीकडे पासपोर्ट, आधार, दुसऱ्या हॉस्पिटलचं लेटर, जर्मनचं सर्टिफिकेट आणि नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट ही दुसऱ्या बाईची. आणि त्या दोघींना जोडणारा कागद एकच, ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, त्यात वधूचं नाव माहेरचं. बरोबरच आहे ना, लग्न लागलं तेव्हा मी तीच होते, तांदूळ नंतरचे.

त्यात स्पेलिंग. बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं, आणि आडनावात डबल ई. विद्यापीठाच्या मार्कलिस्टवर तिथेच आय. मराठीत दोन्हीकडे दीर्घ ईच आहे, आपल्याला काय फरक पडतो. तिकडे पडतो. आणि आपल्या पासपोर्टवर मधलं नाव असा वेगळा रकानाच नसतो, ते पहिल्या नावालाच चिकटून येतं, त्यामुळे जर्मनांच्या दृष्टीने माझ्या नवऱ्याचं नाव हे माझंच दुसरं नाव आहे. कॉन्ट्रॅक्टवर हॉस्पिटलने ते गाळलं होतं, तर नवीन कॉन्ट्रॅक्ट मागवावं लागलं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, जागा सोडून जागा, सगळीकडे. हे एक वाक्य कुठेतरी लिहून भिंतीला लावा.

इथे मी एक चूक केली. एका एजंटने सांगितलं की सगळ्या कागदांना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणीकरणाचं स्टिकर, मारून घ्या म्हणजे कोणी काही विचारत नाही. मी नऊ कागदांना मारून घेतलं, बरेच पैसे गेले, महिना गेला. नंतर कळलं, भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात आला पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिकडे धरतच नाहीत. त्यांना एखाद्या कागदाबद्दल शंका आली तर दूतावासाकडून तो कागद जिथून निघाला तिथे जाऊन पडताळून घेतात, आणि तो खर्च आपल्याकडून घेतात. म्हणजे स्टिकर मारला म्हणून नाव जुळत नाही. आणि एजंटबद्दल, परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे केंद्र सरकारचं लायसन असावं लागतं, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि तो तीस हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही. आमच्या भागात चार-चार लाख सांगतात. देऊ नका गं कोणी. नर्सला घ्यायला तिकडचं हॉस्पिटल स्वतः खर्च करतं, माझ्याकडून हॉस्पिटलने एक रुपया घेतला नाही.

मग राजपत्र. नावात बदल झाल्याची नोटीस महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आणायची. अर्ज ऑनलाइन होतो, चर्नी रोडला जावं लागत नाही. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले तर शंभरचा स्टॅम्प पेपर बंद झालेला, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा. ठीक आहे. फॉर्ममध्ये जुनं नाव आणि नवं नाव असे दोन रकाने असतात आणि खाली कारण. मी कारणाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. विवाहामुळे असं लिहिलं.

मधे एकदा असंही वाटलं की उलटं करूया, पासपोर्टच माहेरच्या नावाने करूया, मग डिग्री, कौन्सिल सगळं आपोआप जुळेल. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कर, तुझं नाव आहे, तू ठरव. सासूबाई मात्र गप्प झाल्या. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तांदळातलं नाव पुसतीस होय गं?" रागाने नाही हो, घाबरून म्हणाल्या. मी म्हटलं, नाही आई, पुसत नाही, फक्त जोडून घेतेय. आणि खरंच, पासपोर्ट बदलला असता तर पोरीच्या जन्म दाखल्यावर आईचं नाव वेगळं, बँक वेगळी, जर्मनचं सर्टिफिकेट वेगळं, एक भोक बुजवायला चार पाडली असती. म्हणून राजपत्र.

ते छापून आलं, भाग दोनमध्ये, इतर शेकडो नावांमध्ये माझी एक ओळ. इंग्रजी स्पेलिंगसकट. मी त्या पानावरची बाकीची नावं पण वाचत बसले. कितीतरी बायका होत्या. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक.

मला वाटलं संपलं. पण यादीत जन्म दाखला होता, आणि तो अजून काढला नव्हता.

मी पहिली, त्यामुळे आईचं बाळंतपण माहेरी. माझं आजोळ अथणी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. इथून दीडेक तास, माणसं सगळी मराठी बोलणारी, कागद सगळे कन्नड. मामा दोन वेळा जाऊन आला, तिसऱ्यांदा मी सुट्टी टाकून गेले. १९९२ चं रजिस्टर निघालं, नोंद होती. दाखला कन्नड आणि इंग्रजी असा मिळाला. जन्मतारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. आईच्या नावाच्या ठिकाणी एक नाव होतं जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मी मामाला म्हटलं, चुकलंय, दुसरंच कोणाचं नाव घातलंय. मामा दाखला डोळ्यांजवळ धरून बघत राहिला आणि म्हणाला, "चुकलं नाही, आक्काचंच हाय की. तात्यांनी नोंदवलंय, तात्यांच्या तोंडात तेच बसलेलं."

माझ्या आईचं पण नाव बदललेलं होतं. १९९० ला, तांदळातच. मी तेहतीस वर्षांची, मला माहिती नाही. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर, सगळीकडे आईचं सासरचं नाव. आजोबांनी लेकीच्या लेकीची नोंद करताना लेकीचं जुनं नाव सांगितलं, बस एवढंच झालेलं.

घरी येऊन आईसमोर दाखला ठेवला. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलीय. तिने नाव वाचलं, हसली, आणि पदराने दाखला पुसला, खरं तर त्याला काही लागलेलं नव्हतं. म्हणाली, या नावानं मला हाक मारणारं तात्या गेल्यावर कोणी राहिलं नाही बघ.

मी विचारलं, तुला सांगावंसं नाही वाटलं कधी? तर म्हणाली, तू कधी विचारलंस?

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

अनुवाद करणाऱ्या बाई जर्मनीत असतात, तिथल्या कोर्टात शपथ घेतलेल्या, कारण श्टुटगार्टला तसाच अनुवाद लागतो. माझ्या आईच्या नावातला फरक त्यांच्या लगेच लक्षात आला, त्यांनी कळवलं की दोन कागदांवर दोन आया आहेत, मी माझ्याकडून बदलू शकत नाही, जे लिहिलंय तेच मी लिहिणार, तुम्ही जोडणारा काहीतरी पुरावा द्या. आता आईच्या लग्नाची नोंद नाही, राजपत्र नाही, काही नाही. परत मामा. आजोळच्या मराठी शाळेत आईचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, जुन्या नावाचा, जन्मतारखेसकट. हेडमास्तरांनी स्वतः कपाटावरून रजिस्टर काढलं, धूळ झटकली, दहा मिनिटांत नक्कल लिहून दिली आणि चहा पाजला. त्यांचे आभार कसे मानावेत कळत नाही. तो दाखला, आईचं आधार, आणि आईचं प्रतिज्ञापत्र की या दोन्ही नावांची बाई मीच. नोटरीने इंग्रजीत टाईप केलं आणि मोठ्याने मराठीत समजावून सांगितलं. सही करायच्या वेळी आईने विचारलं, कुठल्या नावानं करू? नोटरी म्हणाले, आजच्या नावाने करा, आणि खाली पूर्वाश्रमीचं नाव लिहा. तिने दोन्ही लिहिली. दुसरं लिहायला जास्त वेळ लागला. चौथीतलं अक्षर होतं ते, गोल गोल.

एप्रिल २०२५ ला फाईल पूर्ण आहे असा मेल आला. आणि मग खरंच घड्याळ सुरू झालं. जूनमध्ये डेफिझिटबेशाइड, जुलैअखेर परदेशी नागरिक कार्यालयाचं व्हिसासाठीच्या आगाऊ मंजुरीचं पत्र.

व्हिसाचा अर्ज आता आधी ऑनलाइन भरायचा, २०२५ च्या जानेवारीपासून जर्मनीचं कॉन्सुलर पोर्टल सगळीकडे सुरू झालंय, कागद स्कॅन करून टाकायचे, मग प्रत्यक्ष मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, ओरिजिनल कागद आणि ७५ युरो फी, ती रुपयांत घेतात. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगढ हे सगळे मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आधी व्हिसा नाकारला तर फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ते १ जुलै २०२५ पासून बंद केलंय. आता नाकारला तर नवीन अर्ज करायचा नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणजे नंतर बघू, नंतर जोडू असं चालत नाही. पहिल्याच वेळी फाईल अशी हवी की समोरच्याला प्रश्नच पडला नाही पाहिजे.

ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट होती. मिरजेहून रात्रीची ट्रेन, दादरला उतरून चुलतबहिणीकडे अंघोळ, आणि वेळेच्या तासभर आधी दारात. काउंटरवरची मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. तिने डिग्री बघितली, पासपोर्ट बघितला, परत डिग्री बघितली, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलायच्या आधी तिने पान उलटलं, राजपत्र होतं. अजून एक उलटलं, विवाह नोंदणी. मग कॉन्ट्रॅक्ट, मंजुरीचं पत्र, भाषेचं सर्टिफिकेट, इन्शुरन्स. मी कागद त्याच क्रमाने लावले होते, एखाद्याला प्रश्न पडेल त्याच्या पुढच्याच पानावर उत्तर. तिने काही विचारलं नाही. वीस मिनिटं लागली.

बाकी मला जे विचारतात त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकायला जाणाऱ्यांचं वेगळं आहे, माझा भाचा एम.एस.ला चाललाय, त्याला दिल्लीच्या एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासणाऱ्या कार्यालयाचं सर्टिफिकेट लागलं, अठरा हजार फी, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणे. संधी कार्ड म्हणून जे २०२४ च्या जूनपासून आलंय त्याच्या जाहिराती गल्लोगल्ली लागल्यात, तर ते नोकरी शोधायला वर्षभर राहायचं कार्ड आहे, त्यात नोकरी मिळतेच असं नाही, आणि तोपर्यंत तिकडे राहायचा खर्च स्वतः दाखवावा लागतो. नर्सने तर त्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला इथूनच नोकरी मिळते, मग तिकडे जाऊन कशाला शोधायची.

आणि लग्न ठरलेल्या मुलींना. नाव बदलू नका असं मी कोणालाच सांगणार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा आणि मनाचा प्रश्न आहे, मला माझी दोन्ही नावं प्रिय आहेत. पण बदललंत तर त्याच महिन्यात राजपत्र करा. डिग्रीच्या नावाने पासपोर्ट काढून ठेवा, लग्नाआधी, जायचं असो नसो. आणि आईला एकदा विचारा की तुझं पहिलं नाव काय होतं.

२६ तारखेला मुंबईहून फ्लाइट आहे, १ ऑक्टोबरला जॉइनिंग. पहिल्या दोन आठवड्यांत तिकडच्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, मग राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. मान्यता पूर्ण झाली की नवरा आणि पोरगी येतील, त्याला वर्ष लागेल, जास्त पण लागेल. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

काल मुलीच्या पासपोर्टचा फॉर्म भरायला बसलो दोघं. नवरा टाईप करत होता, मी तिचा जन्म दाखला हातात धरून एकेक अक्षर सांगत होते, आडनावात आय, डबल ई नाही, मधे एक जागा. ती मांडीवर बसून बघत होती. आईचं नाव या रकान्यापाशी आल्यावर तिने स्वतःच मोठ्याने माझं नाव सांगितलं, दोन अक्षरी. मग थांबली आणि म्हणाली, आणि तुझं दुसरं पण लिही ना, पणजीचं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. रकाना एकच होता. मी तिला वहीचं पान दिलं, तिथे लिही म्हटलं, आणि चार अक्षरं कशी काढायची ते दाखवलं.